खिशातला वाटाड्या: जुने गोवे आणि फोंतेन्हास येथील ध्वनिमार्गदर्शकाचा काही महिन्यांचा अनुभव

गोव्यातील वारसा-फेऱ्यांसाठी, आपण जिथे उभे असू त्या जागेची माहिती आपोआप ऐकवणारे मोबाईल ॲप मी गेल्या पावसाळ्याच्या अखेरीपासून नियमित वापरत आहे. मी शिक्षक असल्यामुळे कधी एकटा, कधी घरी आलेल्या पाहुण्यांबरोबर, तर बऱ्याचदा वर्गातील मुलांना घेऊन या वाटा चाललो आहे. ॲपचे नाव येथे देत नाही, कारण त्याच धाटणीची आणखी दोन ॲप मी पडताळून पाहिली आणि पुढे लिहिलेले गुणदोष थोड्याफार फरकाने तिन्हींत आढळले. फोन खिशात ठेवून चालत राहायचे आणि ठरलेल्या जागी पोहोचताच निवेदन ऐकू यायचे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. जुन्या गोव्यात ती चोख पुरी होते. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये मात्र ॲप वारंवार अडखळते.

या फरकाचे कारण समजून घेतले तर पुष्कळशी चिडचिड वाचते. ॲप बनवणारे नकाशावर प्रत्येक स्थळाभोवती एक अदृश्य वर्तुळ आखून ठेवतात आणि आपला फोन त्या वर्तुळात शिरला की निवेदन सुरू होते. मोकळ्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनचे जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असते, पण इमारतींच्या दाटीत उपग्रहांचे संकेत भिंतींवर आपटून येतात आणि आपली जागा भलतीकडेच दिसू लागते. त्यात बॅटरी वाचावी म्हणून ॲपने फोनच्या मूळ प्रणालीवर हे काम सोपवले असेल, तर अँड्रॉइडची विकासकांना शिफारस अशी आहे की हे वर्तुळ किमान १०० ते १५० मीटर त्रिज्येचे असावे. जुन्या गोव्याच्या विस्तीर्ण आवारात एवढे वर्तुळ सहज सामावते. फोंतेन्हासमध्ये तेवढ्यात अर्धा वाडा, म्हणजे अर्धी वस्ती येते.

जुन्या गोव्यातील बाँ जेझू बॅसिलिकेसमोरचे निवेदन मला सर्वांत आवडते, आणि ते ऐकताना चांगले निवेदन कसे लिहावे याचा वस्तुपाठच मिळतो. १५९४ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि १६०५ मध्ये चर्चचा अभिषेक झाला, हे एका वाक्यात सांगून निवेदक थेट भिंतीकडे वळतो. समोरचा लालसर जांभा दगड उघडा का दिसतो, तर एकेकाळी त्यावर चुन्याचा गिलावा होता आणि तो १९५० च्या दशकात काढून टाकण्यात आला. मग तो आपल्याला चार पावले पुढे जायला सांगतो आणि जांभ्यावर पडलेली छिद्रे पाहायला लावतो. गिलाव्याचे आवरण गेल्यामुळे गोव्यातल्या पावसाचा मारा थेट दगडावर बसतो, हे त्या छिद्रांकडे पाहत असतानाच कानावर पडते. त्यानंतर खांब आणि कोरीवकाम यांचा दगड निराळा, काळसर आणि घट्ट आहे, हे दाखवून तो वसईहून आणलेला बसाल्ट असल्याचे सांगितले जाते. वर्गात फळ्यासमोर अर्धा तास बोलूनही दगडांतला हा फरक मुलांच्या लक्षात राहत नाही. येथे बोटाने दाखवावे लागले नाही.

याउलट, सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्याचे निवेदन उत्तम असूनही चुकीच्या जागी सुरू होते. मॉन्ते सांतो टेकडीच्या चढणीवर आपण अर्ध्या वाटेत असतो, मनोरा झाडांआड असतो, आणि कानात मात्र ४६ मीटर उंचीचे वर्णन चालू झालेले असते. आपण अवशेषांत पोहोचेपर्यंत १८३५ मध्ये ओस पडलेला मठ, १८४२ मध्ये कोसळलेले छत आणि १९३१ मध्ये ढासळलेला मनोऱ्याचा भाग हे सगळे सांगून झालेले असते, आणि प्रत्यक्ष ढिगाऱ्यांपुढे आपण निःशब्द उभे राहतो. मागे जाऊन पुन्हा ऐकण्याची सोय आहे, ती येथे हमखास वापरावी. याच टप्प्यावर एक जुनी माहितीही दुरुस्तीविना राहिली आहे: सतराव्या शतकात हुतात्मा झालेली जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या येथे पुरलेल्या अस्थींचा शोध सुरू असल्याचे निवेदक सांगतो. वास्तविक या अस्थींची हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत डीएनए तपासणी झाली आणि २०२१ मध्ये भारताने त्यांचा एक भाग जॉर्जियाच्या सुपूर्द केला. शैक्षणिक म्हणवणाऱ्या साधनाकडून निदान एवढी काळजी अपेक्षित आहे.

मात्र याच टप्प्याच्या शेवटी एक फार सुंदर दुवा दिला आहे. या मनोऱ्यातील मोठी घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये आहे, आणि १८७१ पासून ती तेथे आहे, असे सांगून निवेदन आपल्याला पणजीच्या वाटेकडे पाठवते. पणजीत राहणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनी ती घंटा जन्मापासून ऐकलेली. ती मूळची कुठली, हे त्यांना मनोऱ्याखाली उभे असताना कळले. दोन वाटा अशा एकमेकींत गुंफण्याचे काम कागदी माहितीपत्रकालाही जमले असते, पण ते कोणी केले नव्हते.

फोंतेन्हासमध्ये दोन अरुंद गल्ल्या जवळजवळ समांतर जातात आणि दोन्हीकडे दुमजली घरे आहेत. सेंट सेबॅस्टियनच्या चॅपेलकडे जाणाऱ्या वाटेवर असताना ॲप मला पलीकडच्या गल्लीत समजते आणि झऱ्याची, म्हणजे ज्यावरून या वाड्याला नाव पडले त्या पाण्याची, गोष्ट सांगू लागते. ती थांबवावी तोच दोन पावलांवर चॅपेलचे निवेदन सुरू होते आणि आधीचे अर्धवट तुटते. १८१८ च्या या चॅपेलमध्ये जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, प्रासादातून आलेला क्रूस आहे आणि त्यावरील ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. ही बाब शांतपणे पाहावी अशी आहे. तिच्या मध्येच टाइल्सच्या रंगांचे वर्णन ऐकावे लागणे रसभंग करणारे आहे. आता मी या वाड्यात स्वयंचलित सोय बंद करतो आणि यादीतून टप्पा स्वतः निवडतो. त्यात कमीपणा काहीच वाटत नाही, उलट कुठे किती वेळ थांबायचे हे आपल्या हाती राहते.

इमारतींच्या आत तर दुसरा पर्यायच नसतो, कारण जाड भिंतींमागे जीपीएसचा भरवसा नाही. बाँ जेझू बॅसिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियरच्या समाधीसमोर उभे असतानाही ॲप आपल्याला अंगणातच समजत होते. दारात लावलेला क्यूआर कोड किंवा ब्लूटूथवर चालणारी लहान उपकरणे यावर उपाय ठरू शकतात, मात्र पूजास्थानात आणि संरक्षित वास्तूत अशा वस्तू लावायला संबंधितांची परवानगी लागते, आणि ती सहज मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांसाठी एक अडचण मुद्दाम सांगतो. प्रत्येकाच्या हातात वेगळा फोन असेल, तर निवेदन प्रत्येकाकडे वेगळ्या क्षणी सुरू होते. एकाच जागी उभ्या असलेल्या वर्गात एक गट हसत असतो, दुसरा माना वर करून पाहत असतो, आणि मागून कोणीतरी तक्रार करते, "सर, म्हजें अजून सुरू जांवक ना!" एक फोन आणि लहानसा स्पीकर हा उपाय चर्चच्या आवारात शोभत नाही आणि फोंतेन्हासमध्ये तर रहिवाशांना त्रासदायक ठरतो, पर्यटकांच्या छायाचित्रणाने ते आधीच वैतागलेले आहेत. शेवटी मुलांचे छोटे गट करून, गटागटाला काही मिनिटांच्या अंतराने सोडणे आणि एका कानात इअरफोन, दुसरा कान रस्त्यासाठी मोकळा, हा नियम ठरवणे एवढेच व्यवहार्य ठरले.

बॅटरी, नेटवर्क आणि पाऊस यांविषयी थोडक्यात. ध्वनिफिती आणि नकाशा घरच्या वायफायवर आधी उतरवून घ्यावेत. जंगलातल्या तांबडी सुर्लाच्या महादेव मंदिराकडे निघताना तर हे न विसरता करावे. ॲपला स्थानाची परवानगी ‘नेहमी’ दिली नसेल, तर पडदा बंद होताच ते गप्प बसते. पावसाळ्यात ओल्या बोटांनी पडदा चालवणे वैतागाचे असते, म्हणून बटणे असलेला इअरफोन बरा.

खरी उणीव आशयाची आहे. इंग्रजी निवेदन विस्तृत आहे, हिंदी त्याचा संक्षेप आहे आणि मराठी निवेदन म्हणजे हिंदीचे घाईत केलेले भाषांतर. कोकणी तर नाहीच. मुलांशी बोलणाऱ्या निवेदनात ‘उक्त वास्तू’, ‘सदरहू दालन’ अशी कार्यालयीन भाषा ऐकून मुलांचे लक्ष उडते. दुसरे असे की, संपूर्ण वाट पोर्तुगीज काळाभोवतीच फिरते. १५१० पूर्वी हे शहर आदिलशाहीचे एळा होते. सेंट कायेतान चर्चजवळ आदिलशाहाच्या वाड्याचे प्रवेशद्वार एकटेच उभे आहे, काही पायऱ्या आणि दगडी चौकट एवढेच त्यातले शिल्लक. त्याला ॲपने केवळ ओझरत्या दोन वाक्यांत गुंडाळले आहे, आणि वाटेच्या नकाशावर त्याची स्वतंत्र नोंदही नाही. मी मुलांना तेथे थांबवतो, ॲप बंद करायला सांगतो आणि उरलेली गोष्ट स्वतः सांगतो.

एकट्याने फिरणाऱ्या जिज्ञासूला जुन्या गोव्यासाठी हे साधन मी निःसंकोच सुचवीन, सकाळी लवकर निघण्याच्या अटीवर, कारण दुपारी उन्हात उभे राहून कोणतेही निवेदन पूर्ण ऐकवत नाही. फोंतेन्हाससाठी स्वयंचलित सोय बंद ठेवूनच वापरावे. मॉन्ते सांतोच्या चढणीवरील सुरुवातीची जागा वर सरकवावी आणि केतेवानविषयीचा मजकूर बदलावा, हे मी ॲप चालवणाऱ्यांना लेखी कळवले होते. जागा पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होईल, असे उत्तर आले. मजकुराविषयी अद्याप काहीच कळलेले नाही.