पीटर गॅब्रिएलचा 'आय/ओ': पाच महिने ऐकल्यावर

इंग्लिश गायक-गीतकार पीटर गॅब्रिएलचा 'अप' हा अल्बम आला २००२ मध्ये. त्यानंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा पूर्ण अल्बम, म्हणजे 'आय/ओ', यायला डिसेंबर २०२३ उजाडला. मधल्या काळात दुसऱ्यांची गाणी झाली, जुन्या गाण्यांना ऑर्केस्ट्रा जोडून झाला. पाच महिने ऐकून मत असं झालंय: त्र्याहत्तरीतही आवाज शाबूत, टोनी लेव्हिनचा बेस अव्वल, पण निवड करायची वेळ आली तिथे गॅब्रिएलने हात आखडता घेतलाय.

आधी गाण्यांचा क्रम बघा. ६ जानेवारी २०२३ च्या पौष पौर्णिमेला 'पॅनॉप्टिकॉम' आलं, मग दर पौर्णिमेला एक गाणं. अधिक मासामुळे त्या वर्षी श्रावणातच दोन पौर्णिमा पडल्या. आईवरचं 'अँड स्टिल' तर नेमकं कोजागिरीला आलं. कल्पना सुरेखच. पण १ डिसेंबरला अल्बम निघाला तोही याच क्रमाने, एकही गाणं न हलवता. त्यामुळे 'सो मच', 'लव्ह कॅन हील' आणि 'अँड स्टिल' ही तीन संथ गाणी सातव्या, नवव्या आणि अकराव्या जागी येतात आणि उत्तरार्ध रेंगाळतो. विलंबितानंतर द्रुत येणारच, अशी बैठकीची सवय असलेला आपल्याकडचा कान इथे वाट बघत राहतो. बारा महिने सुटी सुटी ऐकलेली गाणी एकत्र आली की त्यांची मांडणी नव्याने व्हायला हवी होती.

दुसरा मुद्दा मिक्सचा. प्रत्येक गाण्याचे दोन मिक्स (त्याच रेकॉर्डिंगमधल्या आवाजांची वेगवेगळी जुळणी) आहेत: मार्क 'स्पाइक' स्टेंटचा ब्राइट-साइड आणि चॅड ब्लेकचा डार्क-साइड. पहिल्यात आवाज पुढे, वाद्यं सुटी-सुटी आणि स्वच्छ. दुसऱ्यात खर्ज जड, कडा खरबरीत. तुलना करायची तर तारेचे हेडफोन घ्या, अॅपमधलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळं सारख्याच पातळीवर वाजवणारी सेटिंग, चालू ठेवा (नाहीतर जो मिक्स मोठा वाजतो तोच चांगला वाटतो), आणि गाण्याचा एकच मिनिटभराचा तुकडा आलटून पालटून ऐका. छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर डार्क-साइडचा खर्ज उतरतच नाही. खानापूरकडच्या पावसात पत्र्याखाली तर दोन्ही सारखेच ऐकू येतात. इतकं करूनही बऱ्याच गाण्यांत फरक रंगाचा आहे, अर्थाचा नाही. मग दोन कशाला? एक निवडायचा आणि त्याची जबाबदारी घ्यायची.

हाच माणूस १९८० च्या तिसऱ्या अल्बमसाठी ड्रमरना सिंबल (ड्रमसोबतची धातूची थाळी) वाजवू देत नव्हता! 'इंट्रूडर'मध्ये फिल कॉलिन्सचे ड्रम खोलीच्या घुमाऱ्यासकट फुगतात आणि नॉइज गेट (आवाज ठराविक पातळीखाली गेला की तो बंद करणारं उपकरण) तो घुमारा एका झटक्यात तोडतो. सिंबलची लांबणारी झिणझिण तिथे असती तर तो तुटलेपणा झाकला गेला असता. एका बंधनातून पुढच्या दशकाच्या ड्रमचा नाद निघाला. 'आय/ओ'मध्ये असं बंधन कुठेच नाही. जॉन मेटकाफची तंतुवाद्यं, सोवेटो गॉस्पेल कॉयर, स्वीडनचा पुरुषांचा गायकवृंद, ब्रायन ईनोचे इलेक्ट्रॉनिक थर... सगळं उत्तम, आणि सगळं भरलेलं. आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं ऐकणाऱ्याला दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेची किंमत सांगावी लागत नाही. इथे ती जागा दिसली की व्हायोलिनं धावून येतात. अपवाद 'प्लेइंग फॉर टाइम'चा. त्याची सुरुवात जवळजवळ पियानो आणि गळा एवढ्यावरच उभी आहे आणि म्हणूनच ते गाणं पुन्हा पुन्हा लावावंसं वाटतं.

बेळगाव-निपाणी बसच्या प्रवासात ६८ मिनिटांचा अल्बम एकदा पूर्ण होतो. पण त्यापेक्षा ही यादी लावून बघा: 'पॅनॉप्टिकॉम' डार्क, 'द कोर्ट' डार्क, 'फोर काइंड्स ऑफ हॉर्सेस' डार्क, 'ऑलिव्ह ट्री' ब्राइट, 'रोड टू जॉय' ब्राइट, 'अँड स्टिल' ब्राइट, शेवटी 'प्लेइंग फॉर टाइम' ब्राइट. संथ गाणी शेवटी गेली की 'अँड स्टिल'चं वजन खरं कळतं.

विकत घ्यायचा असेल तर दोन सीडींचा संच पुरे, त्यात दोन्ही मिक्स येतात. ब्लू-रेवाल्या संचातला तिसरा, इन-साइड मिक्स डॉल्बी अॅटमॉस या चहूबाजूंनी आवाज देणाऱ्या पद्धतीसाठी आहे. घरात तशी स्पीकर-व्यवस्था नसेल तर त्यावर जादा पैसे घालू नका.