साहेबांशी बोलावं, मेल टाकावा की टपरीवर मोकळं व्हावं?

मार्चएंडला तीन आठवडे खपून मी एक पत्रक केलं. मीटिंगमध्ये साहेबांनी ते स्वतःचंच असल्यासारखं दाखवलं. "काय झालं बाप्पा, चेहरा काऊन असा?" शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली. "काही नाही," मी म्हटलं. त्या "काही नाही"नं पुढचे पंधरा दिवस माझी झोप खाल्ली. तुम्हीही अशाच पेचात असाल, तर मी तोलून पाहिलेले मार्ग हे असे.

गप्प बसणं फुकटात पडतं असं वाटतं, पण पडत नाही. चेहरा हसरा ठेवणं हेही कामच आहे, असं आर्ली हॉक्शिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ सालीच हवाई सुंदरींच्या नोकरीवरून दाखवून दिलं होतं.

टपरी सगळ्यांत सोपी. आयटी पार्कच्या रस्त्यावर तर्री पोह्यांची प्लेट हातात असली की जीभ आपोआप सैल होते. फायदाही खरा आहे: भावनेला शब्दात नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डाला या भीती-राग जागवणाऱ्या भागाची खळबळ उतरते, असं कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना २००७ मध्ये दिसलं. पण पाचव्या दिवशीही तेच चऱ्हाट सुरू असेल तर आपण मोकळे होत नाही, राग फक्त परतून घेत राहतो. शिवाय टपरीवरचं संध्याकाळपर्यंत केबिनमध्ये पोचतंच.

माझं मत समोरासमोर बोलण्याला. मात्र आधी आपल्याला नेमकं काय झालंय ते ठरवा. ऑफिसात सगळ्याला आपण "टेन्शन" म्हणतो, नाहीतर "राग". मला राग आला नव्हता, मी हिरमुसलो होतो. हे कळलं तेव्हा वाक्यही सापडलं: "साहेब, त्या पत्रकावर माझं नाव नव्हतं, मला वाईट वाटलं. पुढच्या वेळी टाकाल का?" "तुम्ही असं काऊन केलं?" अशी सुरुवात केली असती तर तिथेच भांडण पेटलं असतं. वेळ जेवणानंतरची, एकट्यात. भर मीटिंगमध्ये कधीच नाही.

मेलमध्ये आवाज नसतो, त्यामुळे मनातलं दुखणं तिथे तक्रारीसारखं वाचलं जातं. पगार, रजा, ठरलेलं काम याची नोंद हवी असेल तरच मेल. लैंगिक छळाचा प्रकार असेल तर मात्र टपरी नको आणि साहेबांची मनधरणीही नको. २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती लागते. बाईनं तिच्याकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी. आणि झोप-भूकच गेली असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर रात्रंदिवस लागतो.

मी सोळाव्या दिवशी बोललो. कुलरच्या घरघरीत साहेब थोडा वेळ पेनचं टोपण उघडझाप करत राहिले. "लक्षातच नाही राहिलं," म्हणाले. पुढच्या पत्रकावर नाव आलं. आडनावात एक वेलांटी चुकली होती, पण तेवढ्यासाठी मी पुन्हा केबिनमध्ये गेलो नाही.