पिकगार्डच्या ११ स्क्रूंखाली

मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये सहायक आहे, १८ वर्षं झाली. मुलांनी सर्किट चुकीचं जोडलं की लांबूनच कळतं मला. मल्टिमीटर आणि होकायंत्रांच्या कपाटाची किल्ली माझ्याच पर्समध्ये असते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून "बाईंना त्यातलं काही कळत नसणार" असं कोणालाही वाटेल. कळत होतं. माणसासमोर मीटर काढायची लाज वाटली, एवढंच.

लॉकडाउनमध्ये गिटार शिकले. चार वर्षांनी डोक्यात आलं की एक इलेक्ट्रिक गिटार आपल्या हाताने बांधायची. फेंडरने १९५४ साली आणलेल्या स्ट्रॅटोकास्टरच्या नमुन्याचं एक किट ऑनलाइन मागवलं, साडेनऊ हजारांना. बासवुडची कोरी बॉडी, स्क्रूने बसणारी नेक, पांढरा पिकगार्ड (तारांखालची प्लॅस्टिकची पाटी), तीन पिकअप (तारांचं कंपन पकडणारे चुंबक आणि वेढे), स्विच, पॉट (आवाज-टोनच्या बटणांखालचे बदलते रेझिस्टर), सगळं त्यात होतं. ज्यांना पुढे करायचंय त्यांच्यासाठी जाता जाता एक: एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर पावसाळ्यात मारू नका. हवेतली वाफ ओल्या थरात अडकते आणि रंगावर पांढरट धुकं चढतं. मी ते जुलै महिन्यात, करी रोडला, चाळीच्या गॅलरीत मारलं. शेजारच्या काकूंनी विचारलं, "चुना लावतेयस का गं?" दोनदा घासून काढलं, उघडीप मिळाल्यावर तिसऱ्यांदा जमलं.

किटचे पिकअप स्वस्तातले होते, ते बदलायचेच होते. भाचा अमेरिकेहून येणार होता, त्याच्याकडून एका नावाजलेल्या कंपनीचा तीन पिकअपचा सेट मागवला. रुपयांत सतरा हजारांच्या आसपास पडला. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून पॉट, वायर, सोल्डर आणि ५ रुपयांचा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणला. पॉट मोठे, २५०के (किलोओहम) आणि 'ए' छापाचे हवेत म्हणून तीन दुकानं पालथी घातली. 'ए' म्हणजे कानाला आवाज सारख्या चढाने वाढल्यासारखा वाटतो तो. 'बी'मध्ये आकडा सरळ रेषेत वाढतो, पण कानाला सगळा आवाज सुरुवातीलाच आल्यासारखा वाटतो.

महागड्या पिकअपना हात लावायच्या आधी किटच्याच सामानावर हात बसवायचा असं ठरवलं. तिन्ही जुने पिकअप उलटे करून त्यांच्या पाठीवर मास्किंग टेपचे तुकडे चिकटवले आणि बॉलपेनने १, २, ३ लिहिलं. लॅबमध्ये आम्ही प्रत्येक गोष्टीवर नंबर घालतो, ती सवय. मग २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री घेऊन पॉटच्या पाठीवर डाख लावायला बसले. पॉटची पाठ म्हणजे चांगला जाडजूड पत्रा, तो सगळी उष्णता पिऊन टाकतो. सोल्डरचा थेंब पाऱ्यासारखा इकडून तिकडे पळायचा आणि गार झाला की नखाने टपकन निघायचा. (पाठ पॉलिश पेपरने खरवडायची आणि इस्त्री ५०-६० वॅटची घ्यायची, हे मला फार उशिरा कळलं.) तासाभरात स्विचचं एक प्लॅस्टिक वितळलं आणि माझा धीर सुटला.

गिटारवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून विचारलं. दोघातिघांनी लिहिलं की पहिल्याच वेळी इम्पोर्टेड पिकअप जाळून बसाल. आणि एकाचा वेगळा मेसेज आला. शुद्ध मराठी, पहिल्याच वाक्यात 'ताई'. पश्चिम उपनगरातल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्याचा गाळा होता. मी गेले. भिंतीवर गिटारी टांगलेल्या, कोपऱ्यात गणपतीचा फोटो, त्यापुढे उदबत्ती. चहा आला. "आपली मराठी माणसं या लाइनमध्ये आहेतच किती, ताई," तो म्हणाला, आणि मी विरघळले. हेच बोलणं दुसऱ्या कोणी दुसऱ्या भाषेत केलं असतं तर मी पावती मागितली असती, हे मला आता स्पष्ट दिसतं.

त्याने हिशेब सांगितला. वायरिंग, आतून पूर्ण तांब्याच्या पट्टीचं शील्डिंग (बाहेरची घरघर अडवणारं अस्तर), बाहेरचा भारी कपॅसिटर, सेटअप, सगळं मिळून साडेआठ हजार. पाच हजार ॲडव्हान्स, जागच्या जागी यूपीआय केले. बॉडी, किटच्या पिकअपसकट पिकगार्ड, नवीन पिकअप, नवीन पॉट, कपॅसिटर त्याच्या टेबलावर ठेवून आले. पिकअपचा फोटो नाही काढला, रेझिस्टन्स नाही मोजला. मीटर पर्समध्ये होता. खरंच होता, कॉलेजमधून सरळ गेले होते. पण समोर बसलेला माणूस आपल्याला चहा पाजतोय आणि आपण त्याच्यासमोर प्रोब बाहेर काढायचे? हे म्हणजे लग्नघरात आहेराची पाकिटं उघडून मोजण्यासारखं वाटलं.

"काम चालू असताना मी येऊन बघू का?" असं मात्र विचारलं होतं. "कोणी समोर बसलं की माझा हात थरथरतो, ताई."

दोन दिवसांनी त्याचा मेसेज: "किटचे जुने पार्ट परत हवेत का? की इथेच राहू दे?" मी लिहिलं, "राहू देत, तुम्हालाच होतील." हा मेसेज लक्षात ठेवा.

वायरिंगचं काम दोन-तीन तासांचं. त्याला सात आठवडे लागले. आधी त्याच्याकडे खूप ऑर्डर, मग गणपती, मग गणपतीत दमलेला माणूस आजारी, मग पितृपक्ष. "पितृपक्षात नवी वस्तू कशाला नेता, घटस्थापनेला घेऊन जा." आईला हे इतकं पटलं की मला बोलायची सोयच राहिली नाही.

घटस्थापनेला उरलेले साडेतीन हजार देऊन गिटार आणली. संध्याकाळच्या गर्दीत, लेडीज डब्यात, दोन बायकांनी "सतार आहे का?" विचारलं, मी अभिमानाने "नाही, मी बनवलेली गिटार" म्हटलं. घरी ॲम्पला लावली. वाजत होती. आवाज जरा पातळ, कानात टोचणारा. आणि घूंऽऽ असा आवाज, सतत.

सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा पिकअप असा हम करतोच, तो त्याचा स्वभाव. चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. ते गिटारच्या तारेचं कंपन पकडतात तसंच घरातल्या लाइनीचं ५० हर्ट्झही पकडतात. पण माझ्या सेटच्या कागदावर लिहिलेलं होतं की मधला पिकअप उलट्या वेढ्यांचा आणि उलट्या चुंबकाचा आहे. तो शेजारच्याबरोबर जोडला, म्हणजे पाच जागांच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या जागी, की दोघांतला हम एकमेकांना मारतो. गिटारच्या तारांचा आवाज मात्र टिकतो, कारण वेढे आणि चुंबक दोन्ही उलटे असल्यामुळे तो परत सुलटा होतो. बारावीला शिकवतात त्यातलंच आहे हे. माझ्या गिटारीत दुसऱ्या आणि चौथ्या जागीही हम तसाच होता, तसूभरही कमी नाही.

फोन केला. "ते व्हिंटेज कॅरेक्टर आहे, ताई. लोक त्यासाठी पैसे मोजतात." मी म्हटलं, कागदावर असं असं लिहिलंय. "कागदावर अमेरिकेचं लिहिलंय. मुंबईची दमट हवा, इथे रीडिंग बदलतं."

हे उत्तर मी दोन महिने गिळून बसले.

डिसेंबरात प्रॅक्टिकलच्या परीक्षा आटोपल्यावर एका शनिवारी गिटार लॅबमध्ये नेली. गिटार न उघडता होणारी तपासणी आधी केली, आणि ही तुम्ही कोणीही, दुकानात उभ्या उभ्या करू शकता. गिटारला केबल लावायची, व्हॉल्यूम पूर्ण उघडायचा, केबलच्या दुसऱ्या बाजूच्या जॅकच्या टोकाला आणि दांड्याला मीटरचे प्रोब लावायचे. मीटर २० किलोओहमवर. स्विच पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या जागी नेला की एकेका पिकअपचा रेझिस्टन्स दिसतो. व्हॉल्यूमचा पॉट समांतर येत असल्यामुळे आकडा किंचित कमी येतो, एवढंच. माझ्या कागदावर नेककडचा पिकअप ५.८, मधला ५.९, ब्रिजकडचा (तारांच्या बुडाशी असतो तो) ६.४ किलोओहम असं होतं. म्हणजे ब्रिजला ६.२च्या आसपास दिसायला हवं. दिसलं ४.९. मधला ५.०. नेक ४.९. सगळी प्रक्रिया अर्ध्या मिनिटाची.

दमट हवेचं म्हणाल तर तांब्याचा रेझिस्टन्स उष्णतेने बदलतो हे खरं, १० अंशांना साधारण ४ टक्के. पण गरम झाल्यावर तो वाढतो. मुंबईत येऊन ६.४चे साडेसहाच्या वर व्हायला हवे होते, पाच नाही.

मग होकायंत्र काढलं आणि तीन पिकअपवरून फिरवलं. सुई तिन्ही ठिकाणी एकाच बाजूला वळली. मधला उलटा नव्हताच.

पिकगार्डला ११ स्क्रू असतात. ते काढून मी पिकगार्ड उलटा केला. अमेरिकन पिकअपच्या वायरी कापडाच्या वेष्टणाच्या होत्या, मी स्वतः हात लावून बघितल्या होत्या. आत प्लॅस्टिकच्या वायरी. माझ्या त्या सेटसारख्या अल्निकोच्या (एक चुंबकी मिश्रधातू) पिकअपमध्ये सहा दांड्या स्वतःच चुंबक असतात, तळाशी काही नसतं. इथे प्रत्येकाच्या तळाशी एक काळी, चपटी सिरॅमिकची पट्टी चिकटवलेली. पॉट छोटे, त्यांच्यावर बी५००के. आणि मधल्या पिकअपच्या पाठीवर, कडेने थोडी उचकटलेली, मास्किंग टेप. तिच्यावर बॉलपेनने २. माझ्या अक्षरात.

म्हणजे त्याने दुसरे नकली पिकअप आणून बसवायचे कष्टही घेतले नव्हते. माझ्या किटचंच सामान मला डाख लावून परत दिलं होतं, साडेआठ हजार घेऊन. वरची पांढरी झाकणं दोन्हीकडे सारखीच, बाहेरून कळायचा प्रश्नच नाही. शील्डिंग म्हणजे पॉटखाली बोटभर तांब्याची पट्टी, आणि तीही अर्थला जोडलेली नाही. मीटरची बीप वाजली नाही. बाहेरचा भारी कपॅसिटर म्हणजे माझा लॅमिंग्टन रोडचा ५ रुपयांवाला. मी दिलेल्या नव्या सामानातली तेवढी एकच वस्तू गिटारीत पोहोचली होती.

डाख मात्र सुरेख होते, चकचकीत. ते बघून जास्त राग आला.

फोनवर तो आधी हसला, मग म्हणाला, "ताई, तुम्ही दोन महिन्यांनी उघडलंत. मध्ये कोणी बदलले ते मला काय माहीत?" टेपबद्दल विचारल्यावर म्हणाला, "पार्ट इथे राहू देत असं तुम्हीच लिहिलंय. मेसेज आहे माझ्याकडे." त्या मेसेजमध्ये मी 'किटचे' हा शब्द पुन्हा लिहिला नव्हता, आणि त्याने स्वतःचा प्रश्न डिलीट करून टाकला होता. रात्री मी ब्लॉक झाले.

पोलीस चौकीत अधिकारी नीट बोलले. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं, ३१६ विश्वासघाताचं, हे त्यांनीच सांगितलं. पण वस्तू त्याच्या ताब्यात दिल्याचं काहीतरी दाखवा म्हणाले. माझ्याकडे यूपीआयच्या दोन नोंदी, त्यात कशाचे पैसे ते लिहिलेलं नाही. १९३० हा नंबर ऑनलाइन पैसे लुबाडल्याच्या तक्रारींसाठी आहे, मी तर स्वतःच्या राजीखुशीने दिलेले. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५वर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते आणि मुदत दोन वर्षांची असते. त्याचे कागद आता जमवतेय. भाच्याकडून खरेदीचं बिल आलंय, त्याने पाठवलेला पार्सलचा फोटो सापडलाय, त्यात तिन्ही पिकअप उलटे दिसतात, कापडी वायरींसकट. मी नाही काढला फोटो, पण त्या पोराने काढला होता.

तुम्ही कोणाकडे वायरिंगला देणार असाल तर देताना पिकअप उलटे करून फोटो काढा, रीडिंग कागदावर लिहा, त्यावर त्याची सही घ्या, न्यायला गेलात की केबल लावून त्याच्यासमोर परत मोजा. रागावला तर रागावू दे. ज्याचं काम चोख आहे त्याला मीटरचा राग येत नाही. लॅमिंग्टन रोडवर साधा पॉट घेतानाही दुकानदार स्वतः मोजून दाखवतो.

जानेवारीत ६० वॅटची इस्त्री आणली. पॉटच्या पाठी खरवडल्या, दोन सेकंदांत सोल्डर पाण्यासारखं पसरलं. नवे पिकअप घ्यायची ऐपत आता नाही, म्हणून '२' नंबर बाहेर काढला. तळाची सिरॅमिकची पट्टी पातळ सुरीने हळूच सोडवली, उलटी करून पुन्हा चिकटवली, आणि त्याच्या दोन वायरींची अदलाबदल केली. होकायंत्राची सुई मधल्या पिकअपवर गर्रकन फिरली.

पिकगार्ड बसवून, अ‍ॅम्प लावून स्विच दुसऱ्या जागी नेला. आवाज अजून पातळच होता, सिरॅमिक ते सिरॅमिकच. पण घूंऽऽ थांबलं. आतल्या खोलीतून नवऱ्याने विचारलं, "काय गं, बंद पडली का?"