जीसीसी १०: हेडरमधल्या ग्लोबल व्हेरिएबलना आता माफी नाही

२०२० साली आलेल्या जीसीसी १० या सी कंपायलरमध्ये 'एफ-नो-कॉमन' हा पर्याय मुळातच चालू असतो. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, लिहिणाऱ्यांसाठी हाच सगळ्यात कामाचा बदल. आधी हेडरमध्ये (अनेक सी फायलींत घेतल्या जाणाऱ्या सामाईक फायलीत) नुसतं 'इंट टिक्स;' लिहिलं आणि ते चार फायलींत घेतलं, तरी लिंकर (कंपाइल झालेल्या फायली जोडणारा प्रोग्रॅम) त्या व्हेरिएबलच्या चारही जागा एक करून गप्प बसायचा. आता थेट 'मल्टिपल डेफिनिशन' (एकाच नावाच्या अनेक व्याख्या) ही चूक. हेडर गार्डचा (तेच हेडर दोनदा येऊ न देणाऱ्या अटीचा) इथे उपयोग नाही; तो एकाच सी फायलीपुरता.

उपाय: हेडरमध्ये 'एक्स्टर्न' (व्हेरिएबल दुसरीकडे आहे, एवढीच घोषणा), प्रत्यक्ष व्याख्या एकाच सी फायलीत. मिनिक्स या ऑपरेटिंग सिस्टममध्ये हेच मॅक्रोने साधलंय, पण तिथे हेडरमध्ये सुरुवातीची किंमत देता येत नाही.

आणखी एक फायदा. लिंकर स्क्रिप्टच्या (मेमरीत काय कुठे ठेवायचं हे लिंकरला सांगणाऱ्या फायलीच्या) बीएसएस विभागात, म्हणजे सुरुवातीची किंमत नसलेल्या व्हेरिएबलच्या जागेत, 'कॉमन' लिहायचं राहिलं, तर असे व्हेरिएबल बूटच्या वेळी शून्य होणाऱ्या पट्ट्याबाहेर पडू शकत. मग किंमत कचरा, आणि शोध दिवसभर! आता ते सरळ बीएसएसमध्ये जातात.

उणीव एकच: व्याख्येच्या फायलीत हेडरच घेतलं नाही, तर प्रकारातली तफावत अजूनही निसटते. एलटीओ (लिंक करतानाचं ऑप्टिमायझेशन) लावलं तर इशारा मिळतो. जुना कोड तातडीने चालवायचा असेल तर जुनी वागणूक परत आणणारा 'एफ-कॉमन' आहेच, पण तात्पुरतंच.