आत्मा खाणारा राक्षस हवाय? काशा, जिकिनिन्की, बाकू की शिन्चू

जपानी धर्तीचा आणि आत्मा गिळणारा राक्षस आपल्या डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायचा भूमिकांचा खेळ) गेममध्ये आणायचा म्हटलं की पहिली अडचण लोककथांमध्येच भेटते. थेट आत्मा खाणारे तिथे फार थोडे. कुणी तिरडीवरून प्रेत पळवतो, कुणी मेलेल्याचं यकृत खातो, कुणी स्वप्न, तर कुणी चक्क दुसरी भुतं. ‘आत्मा’ हा शब्द बहुतेक वेळा आपणच वरून चिकटवतो. चिकटवायला हरकत नाही, पण निवड करताना एकच प्रश्न आधी सोडवावा: तो नेमकं काय खातो, आणि कधी? सेशन कसं चालेल हे त्यावर ठरतं. हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) नंतर कमीजास्त करता येतात.

खालचे सगळे आकडे डी अँड डी पाचव्या एडिशनच्या २०१४ च्या नियमांतले आहेत, म्हणजे एसआरडी ५.१ या फुकट मिळणाऱ्या नियमसंचातले.

दोन लोकप्रिय नावं सुरुवातीलाच बाजूला काढू. गाशादोकुरो, म्हणजे तो अवाढव्य सांगाडा, दिसायला झकास. पण तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झालेला आहे. त्याच्यासोबत नेहमी दिसणारं चित्रकार कुनियोशीचं चित्र १८४० च्या दशकातलं, आणि त्यातला सांगाडा ताकियाशा नावाच्या मांत्रिक राजकन्येने बोलावलेला आहे, गाशादोकुरो नव्हे. शिवाय तो माणसाचं डोकं चावतो, आत्म्याशी त्याला देणंघेणं नाही. दुसरं नाव ‘कप्पा’ या पाण्यातल्या राक्षसाचं. तो खरंतर आत्म्याच्या सगळ्यात जवळ पोचतो, कारण माणसाच्या शरीरातली ‘शिरिकोदामा’ नावाची गोळी तो काढून घेतो. मात्र ती गोळी गुदद्वारात असते अशी समजूत आहे. हे टेबलावर सांगितलं की हशा पिकतो आणि त्या रात्रीची भीती संपते.

उरलेल्यांत एकाच सेशनचा खेळ असेल तर काशा घ्यावा. नावाचा अर्थ ‘आगीची गाडी’. मुळात पाप्यांना नरकात नेणारा हा बौद्ध कल्पनेतला रथ. एदो काळापर्यंत (सतरावं ते एकोणिसावं शतक) त्याचं मांजर झालं: म्हातारी, दुशेपटी, वादळासोबत येणारी आणि अंत्ययात्रेतून प्रेत उचलून नेणारी. चित्रकार तोरियामा सेकिएनच्या १७७६ च्या चित्रसंग्रहात तो आहे. एचिगो प्रांतातली एक कथा तर जवळजवळ तयार एन्काउंटर आहे: अंत्यविधी चालू असताना सोसाट्याचा वारा सुटतो, आगीचा गोळा शवपेटीवर येऊन बसतो, आत दुशेपटी प्रचंड मांजर. उंतोआन मठाचे होक्को नावाचे भिक्षू मंत्र म्हणत हातातल्या ‘न्योइ’ दंडाचा एकच तडाखा देतात आणि ते पळतं.

स्टॅट ब्लॉकसाठी (राक्षसाच्या आकड्यांचा तक्ता) सेबर-टूथ्ड टायगर घ्या: एसी (बचावाचा आकडा) १२, हिट पॉइंट ५२, सीआर (तो किती भारी आहे तो आकडा) २. प्रकार बदलून फीन्ड (नरकातला जीव) करा. उडण्याचा वेग ६० फूट, आगीपासून पूर्ण संरक्षण आणि पंजाच्या हल्ल्यात १डी६ (सहा बाजूंचा एक फासा) आगीचं नुकसान जोडा. फीन्ड केल्याने क्लेरिकचं (पुजारी) टर्न अनडेड, म्हणजे मेलेल्यांना पळवून लावणं, चालत नाही, पण पॅलाडिनच्या (धर्मयोद्धा) स्माइट या तडाख्याला जादा १डी८ मिळतो, आणि न्योइच्या तडाख्याची कथा तुमच्या टेबलावर आपोआप घडते. चार जणांची तिसऱ्या लेव्हलची पार्टी (प्लेअरांचा गट) ५२ हिट पॉइंट दोन राउंडांत उडवते, म्हणून ८० द्या. त्याचे डाइस ७डी१०+१४ आहेत, कमाल ८४, म्हणजे हे नियमाच्या आतच झालं.

काशाला कुणाला मारायचं नसतं, त्याला पेटी हवी असते. पेटी उचलायला एक अ‍ॅक्शन, आणि ओझं धरून वेग निम्मा: ३० फूट. बहुतेक प्लेअर तेवढ्याच वेगाने धावतात, त्यामुळे पाठलाग रंगतो. मात्र पहिल्याच राउंडला तो आकाशात गेला तर तलवारवाले हात चोळत बसतात आणि धनुष्यवाला एकटा खेळतो. पहिले दोन राउंड ओझ्यामुळे त्याला १० फुटांच्या वर जाता येत नाही असं ठरवा. तिसऱ्या राउंडच्या शेवटी तो गेलाच.

काशाच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे लोकांनी त्याच्यावर केलेले तोडगे. शवपेटीवर वस्तरा ठेवायचा. पेटीत दगड भरून आधी एक खोटा अंत्यविधी उरकायचा, मग खरा. पेटी घराबाहेर काढण्यापूर्वी ‘काशाला खाऊ देणार नाही’ असं दोनदा म्हणायचं. हे तिन्ही जसेच्या तसे नियम होतात. वस्तरा असेल तर पेटीला हात लावण्यापूर्वी काशाने डीसी १३ चा विज्डम सेव्ह (फासा टाकून किमान १३ गाठायचे, असा मनोबलाचा बचाव) करायचा, फसला तर अ‍ॅक्शन वाया. खोटी पेटी बघून प्लेअर स्वतःच डाव रचायला लागतात, तिथे डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) फक्त गप्प बसावं. एक धोका सांगून ठेवतो: मांजर म्हातारी झाली की काशा होते हे कळताच प्लेअर पहिल्याच दिवशी यजमानाची मांजर मारून मोकळे होतात. घरात एक नव्हे, तीन मांजरं ठेवा.

प्रेत गेलं तर आत्म्याचं काय, हे नियमांतून छान बाहेर येतं. मेलेल्याला उठवणाऱ्या रेझ डेड या मंत्राला प्रेत लागतं आणि मृत्यूला १० दिवसांपेक्षा जास्त झालेले चालत नाहीत. ५०० सुवर्णमुद्रांचा हिरा हातात आहे, पण माणूसच नाही, अशी वेळ येते. पार्टीतलाच कुणी मेला असेल तर काशाचा माग काढण्यासाठी वेगळं कारण शोधावं लागत नाही.

जिकिनिन्की याच्या अगदी उलट आहे, आणि तुमच्या टेबलावर बोलणारे प्लेअर जास्त असतील तर निःसंशय सरस. नावाचा अर्थ माणूस खाणारं भूत. यातला ‘की’ हा गाकीतलाच, आणि गाकी म्हणजे आपल्या संस्कृतातल्या ‘प्रेत’ योनीचं जपानी नाव. लाफ्काडिओ हर्न यांनी १९०४ मध्ये ‘क्वाइदान’मध्ये दिलेली गोष्ट मुसो सोसेकी (१२७५–१३५१) या झेन भिक्षूच्या नावावर आहे. मिनो प्रांतात वाट चुकलेले मुसो डोंगरावरच्या एका म्हाताऱ्या पुजाऱ्याकडे आसरा मागतात. तो नकार देतो, पण खालच्या गावाची वाट दाखवतो. गावात मयत झालेलं असतं आणि रिवाज असा की त्या रात्री सगळ्यांनी गाव सोडायचं. मुसो प्रेताजवळ थांबतात. रात्री एक धूसर, मोठा आकार आत येतो, त्यांना हलता-बोलता येत नाही, आणि तो आकार प्रेत व नैवेद्य दोन्ही खाऊन जातो. सकाळी गावकरी सांगतात, डोंगरावर पुजारी नाहीच, कित्येक पिढ्यांत नव्हता. तो पुजारीच जिकिनिन्की असतो: अन्नवस्त्राच्या लोभाने अंत्यविधी केले म्हणून ही योनी. तो मुसोंकडे सेगाकी विधीची (भुकेल्या भुतांना अन्न देऊन सोडवण्याचा विधी) भीक मागतो.

गोष्टीचा सांगाडा इतका चांगला आहे की लढाई घातली तर ती बिघडते. डीएम इथे हमखास चुकतो. घूलचा (खेळातलं प्रेतं खाणारं भूत) स्टॅट ब्लॉक उचलून, लकवा मारणारे पंजे देऊन काम भागवलं, तर ते घूलच राहतं. त्याऐवजी मध्यरात्री खोलीतल्या प्रत्येकाचा डीसी १४ विज्डम सेव्ह घ्या. फसला तो पॅरलाइज्ड, पण शुद्धीवर. जो पास झाला त्याला हलता येतं, आवाज मात्र फुटत नाही. प्लेअरच्या हातून कॅरेक्टर काढून घेणं कुणाला आवडत नाही, म्हणून ‘तुम्ही आज रात्री इथे थांबणार का?’ हे गावकऱ्यांकडून दोनदा विचारून घ्या. स्वतः निवडलेली अडचण माणूस सोसतो.

दिवसा पार्टीने पुजाऱ्याला मारलं तर? मारू द्या. पुढच्या मयताच्या रात्री तो परत येतो. सुटका फक्त सेगाकीने: पाणी, तांदूळ आणि त्याने पैशासाठी उरकलेल्या अंत्यविधींतली नावं. ती नावं थडग्यांवरून, गावातल्या म्हाताऱ्यांकडून शोधायची, आणि शेवटी प्रत्येक प्लेअरने एक नाव उच्चारायचं. फासा नको. पिंडाला कावळा शिवेपर्यंत ताटकळत बसलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. इथेही रेझ डेडचा नियम उपयोगी पडतो: डोक्यासारखा अवयव नसेल तर मंत्र आपोआप फसतो. काशाने नेलेलं प्रेत माग काढून परत आणता येतं, खाल्लेलं येत नाही. हाच या दोघांतला खरा फरक.

या दोन्हींत सगळं मेल्यानंतरचं आहे. जिवंत माणसातून काही हरवायचं असेल तर बाकू. हत्तीची सोंड, गेंड्याचे डोळे, बैलाची शेपूट, वाघाचे पंजे. चीनमधून आला तेव्हा तो रोगराई आणि अरिष्ट टाळणारा होता, जपानमध्ये दुःस्वप्न खाणारा झाला. वाईट स्वप्नातून जागं होऊन त्याला तीनदा हाक मारायची. तो मुळात मदतनीस आहे, हे विसरून त्याला पहिल्याच रात्री खलनायक केलं तर नाव बाकूचं आणि काम नाइट हॅगचं (खेळातली, झोपेत छळणारी चेटकीण), असं होतं. अलीकडच्या सांगण्यात मात्र एक उपयोगी भर आहे: स्वप्नाने पोट भरलं नाही तर तो माणसाची आशा, इच्छाही खातो.

तो धागा असा वापरा. हाक मारली की लॉंग रेस्टचा (रात्रभराची विश्रांती) पूर्ण फायदा, वर इन्स्पिरेशन (फाशावरची एक सवलत). मग १डी६ टाका. आजवर जितक्या वेळा हाक मारली तितका किंवा त्याहून कमी आकडा आला, तर कॅरेक्टर शीटवरचा एक आयडियल (ध्येय) किंवा बाँड (जिव्हाळ्याचं नातं) पुसायचा. पहिल्या हाकेला सहात एक शक्यता, चौथीला सहात चार. प्लेअर हे गणित करतो, आणि तरीही हाक मारतो. अडचण एवढीच की बऱ्याच टेबलांवर आयडियल-बाँड कुणी वाचतच नाही. मग पुसलं काय आणि राहिलं काय. आधी प्रत्येकाकडून ‘माझ्या कॅरेक्टरला अजून कशाचं स्वप्न पडतं’ असं एक वाक्य लिहून घ्या, आणि तेच पणाला लावा. किमान चार लॉंग रेस्ट होतील एवढी मोहीम नसेल तर बाकूच्या वाटेला जाऊ नये.

राहिला शिन्चू, आणि शब्दशः भुतं खाणारा हाच. बाराव्या शतकातल्या ‘हेकिजा-ए’ या चित्रमालेत तो आहे. ती नारा राष्ट्रीय संग्रहालयात असून जपानची राष्ट्रीय ठेव मानली जाते. जंबुद्वीपाच्या दक्षिणेकडील डोंगरात राहणारा हा महाकाय किडा सकाळी ३,००० आणि संध्याकाळी ३०० भुतं खातो. (त्याच चित्रमालेतला तेन्केइसेइ रोगाच्या भुतांना व्हिनेगरमध्ये बुडवून खातो. चव बघणारा देव!)

दहाव्या लेव्हलच्या पुढच्या पार्टीसाठी रेमोर्‌हाझ हा आगीच्या अंगाचा प्रचंड किडा घ्या: सीआर ११, एसी १७, हिट पॉइंट १९५. अंगाची आग काढा, बिळ करण्याऐवजी उडणं द्या, आणि गिळणं फक्त फीन्ड, अनडेड, फे (परीलोकातले जीव) यांच्यासाठी ठेवा. माणसाकडे तो बघतही नाही. गंमत तेव्हा येते जेव्हा पार्टीसोबत एखादं चांगलं भूत, बोलावलेला फे किंवा वॉरलॉकचा (मांत्रिक) फॅमिलियर, म्हणजे सोबतीचा छोटा जीव, असतो. ३,००० आणि ३०० हे आकडे गावातल्या एखाद्या शिलालेखावर ठेवा; सकाळपेक्षा संध्याकाळी त्याची भूक दहापट कमी असते हे ज्याला उमगेल तो जवळ जायची वेळ ठरवेल. कमतरता उघड आहे: शिन्चूची गोष्ट नाही, तोडगा नाही, गाव नाही. काशाच्या बाबतीत लोकांनी निम्मं काम करून ठेवलंय, इथे ते सगळं तुम्हाला करावं लागतं. नवख्या डीएमने हा घेऊ नये.

निवड पक्की करण्याआधी प्लेअरना एक गोष्ट विचारून घ्या. काशा आणि जिकिनिन्की दोन्ही मयताच्या घरात घडतात: पेटी, रडणं, रात्रभर जागणं. टेबलावर कुणाच्या घरी नुकतंच कुणी गेलं असेल तर सगळी तयारी झालेली असली तरी ते दोन्ही बाजूला ठेवा आणि बाकू किंवा शिन्चू काढा. त्यांना प्रेत लागत नाही.