राहत्या घरावरची जप्ती आणि तालुका विधी सेवा समितीची मोफत मदत

गेल्या वर्षी जानेवारीत बेलिफाने आमच्या गावाकडच्या घराच्या दारावर जप्तीचा हुकूम चिकटवला, गावात दवंडी दिली आणि एक प्रत ग्रामपंचायतीत लावली. शेती आईच्या नावावर आहे आणि खत-बियाण्यांच्या दुकानातली 1,85,000 रुपयांची उधारीही तिच्याच नावावर होती. कांद्याचे लागोपाठ दोन हंगाम तोट्यात गेल्याने ती उधारी थकली, दुकानदाराने दावा लावला, हुकूमनामा म्हणजे पैसे देण्याचा न्यायालयाचा आदेश मिळवला आणि वसुलीसाठी दरखास्त दाखल केली. त्या दिवसापासून आई पुढच्या दाराने ये-जा करेनाशी झाली. दूध घालायलाही ती गोठ्याच्या बाजूने बाहेर पडायची. दाव्याच्या वेळी आम्ही फी देऊन वकील नेमले होते, पण शेतकऱ्याच्या राहत्या घराला कायद्याचे संरक्षण आहे, हे त्यांनी आम्हाला एकदाही सांगितले नव्हते. ते आम्हाला कळले तालुका विधी सेवा समितीच्या कार्यालयात, म्हणूनच या सेवेबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले.

हे कार्यालय न्यायालयाच्या आवारातच आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला तिचे उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो, त्यामुळे आईच्या अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला जोडावा लागला नाही. नऊ दिवसांत पॅनलवरच्या वकील बाईंची नेमणूक झाली. पहिल्याच भेटीत त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 60 उघडून आईला सावकाश वाचून दाखवले. शेतकरी, मजूर किंवा घरगुती नोकर स्वतः राहत असलेले त्याचे घर, त्याखालची जागा आणि वापरासाठी आवश्यक अशी लगतची जमीन पैशाच्या हुकूमनाम्यापोटी जप्त करता येत नाही किंवा विकता येत नाही. त्याच कलमात शेतीची अवजारे, उपजीविकेसाठी न्यायालयाला आवश्यक वाटतील तितकी जनावरे आणि बियाणे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माचाराप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिनेही येतात. हे ऐकताना आईचा हात नकळत मंगळसूत्राकडे गेला.

दुकानदाराने लिहून घेतलेल्या कागदात एक ओळ होती: "रक्कम न फेडल्यास माझे राहते घर जप्त करण्यास माझी हरकत राहणार नाही." त्याखाली आईची सही होती आणि त्या सहीमुळे आपले सगळे संपले, असे ती धरून बसली होती. वकील बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवून सांगितले, "मावशी, या ओळीला कायद्यात किंमत नाही. हे संरक्षण सोडून देण्याचा करारच रद्दबातल ठरतो." कलम 60 च्या पोटकलम (1अ) मध्ये तशी स्पष्ट तरतूद आहे. एवढ्या एका वाक्यासाठीसुद्धा मी या सेवेचा कायम ऋणी राहीन.

संरक्षण कायद्यात असले तरी ते मागावे लागते आणि आपण शेतकरी असल्याचे ऋणकोलाच, म्हणजे कर्जदारालाच, सिद्ध करावे लागते. स्वतः, कुटुंबीयांकडून किंवा मजुरी देऊन जमीन कसणारा आणि मुख्यतः शेतीच्या उत्पन्नावर जगणारा, अशी शेतकऱ्याची व्याख्या त्या कलमात आहे. वकील बाईंनी आमच्याकडून पीकपेऱ्याच्या नोंदींसह सातबारा, आठ-अ, ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, बाजार समितीतल्या कांदाविक्रीच्या पट्ट्या (पावत्या), वीजबिले आणि शिधापत्रिका एवढे कागद मागवले आणि लिलावाची तारीख लागण्यापूर्वीच हरकतीचा अर्ज दाखल केला. उलटतपासणीत समोरच्या वकिलांचा सारा भर माझ्या पुण्यातल्या नोकरीवर होता. मुलगा दरमहा किती पैसे पाठवतो, या प्रश्नावर आईने, "दवाखान्यापुरते पाठवतो, घर शेतावरच चालते," असे सरळ उत्तर दिले आणि पट्ट्यांवरच्या रकमांनी तिच्या बोलण्याला आधार दिला. रस्त्याकडची एक खोली आम्ही पिठाच्या गिरणीला भाड्याने दिली आहे. आई स्वतः तिथे राहत नसल्याने त्या खोलीबाबत खात्री देता येणार नाही, हे वकील बाईंनी आधीच बजावले होते. न्यायालयाने घर आणि गोठा जप्तीतून मुक्त केला, ती खोली मात्र जप्तीतच राहिली.

कर्ज अर्थातच माफ झाले नाही. शिवाय कलम 60 घराला वाचवते, शेतजमिनीला नाही, हेही पहिल्याच दिवशी आम्हाला स्पष्ट सांगितले गेले होते. 12 मे 1875 रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि त्या उठावानंतर 1879 साली आलेल्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट या शेतकऱ्यांना दिलासा देणाऱ्या कायद्यात, खास गहाण दिलेली नसेल तर शेतकऱ्याची स्थावर मिळकतच लिलावातून वगळलेली होती. ते वाचल्यापासून आजचे संरक्षण मला तोकडे वाटते. जमिनीवर टाच येऊ नये म्हणून आम्ही लोकअदालतीत तडजोड केली आणि व्याजासह 2,40,000 रुपये आठ हप्त्यांत फेडण्याचे ठरले.

ज्यांनी घर गहाण ठेवून कर्ज काढले आहे, त्यांना या कलमाचा त्या कर्जापुरता उपयोग नाही, कारण गहाणाच्या वसुलीत ते घर सुटत नाही. पंजाबमध्ये राज्याने केलेल्या दुरुस्तीमुळे शेतकरी नसलेल्या ऋणकोच्याही एका मुख्य राहत्या घराला संरक्षण आहे, मात्र तिथेही त्याच कर्जासाठी तारण दिलेले घर सुटत नाही. शहरात नोकरी करणाऱ्या माणसाच्या घराला महाराष्ट्रात तसे संरक्षण मिळायला हवे, असे मला मनापासून वाटते.

सेवेतल्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. कार्यालयात एकच लिपिक असल्याने अर्ज देण्यासाठी आम्हाला दोन खेपा घालाव्या लागल्या, पुढच्या तारखा फक्त तोंडी सांगितल्या जात आणि त्यातली एक तारीख आमच्याकडून चुकली. कोणते कागद आणायचे याची छापील यादी भिंतीवर लावली असती, तर लांबून एसटीने येणाऱ्या माणसाचा एक दिवस वाचला असता. वकील बाईंनी मात्र शेवटपर्यंत एक रुपयाही घेतला नाही आणि प्रत्येक कागद आईला समजेल अशा शब्दांत सांगूनच त्यावर तिची सही घेतली.

जायचे असेल तर मूळ सातबारा, जप्तीच्या हुकुमाची प्रत आणि सही केलेला प्रत्येक कागद सोबत न्यावा. तालुक्याला जाणे जमत नसेल, तर 15100 या मोफत क्रमांकावर फोन करावा. आमचा तिसरा हप्ता मागच्या आठवड्यात भरला आणि आई पुन्हा पुढच्या दाराने ये-जा करू लागली आहे.