कागदी लिंबावरील खैऱ्या: कॉपर, स्ट्रेप्टोसायक्लिन आणि निंबोळी अर्क वापरून पाहिल्यावर

खैऱ्यामुळे लिंबाच्या रसात फरक पडत नसला, तरी सालीवर खडबडीत तपकिरी खपल्या दिसताच व्यापारी तो माल बाजूला काढतो. त्यामुळे या जिवाणूजन्य रोगासाठी बागायतदार ज्या फवारण्यांवर खर्च करतात, त्यांचे मोल नीट तपासायलाच हवे.

माझ्या मते पैसे खऱ्या अर्थाने वसूल करून देते ते कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांबेयुक्त औषध. त्याची 50 टक्के तीव्रतेची, पाण्यात मिसळणारी भुकटी 10 लिटर पाण्याला 30 ग्रॅम या प्रमाणात, पावसाळ्याच्या तोंडावर रोगट फांद्या छाटून व जाळून झाल्यावर आणि पुढे प्रत्येक नवतीवर (नव्या पालवीवर) फवारली, तर नवी पाने बऱ्यापैकी स्वच्छ राहतात. मात्र तांबे पानावर थर धरून जिवाणूला आत शिरू देत नाही, एवढेच त्याचे काम आहे. पिवळ्या वलयाचा, पानाच्या दोन्ही बाजूंनी उठलेला डाग त्याने मिटत नाही. भुकटी तळाला बसते, म्हणून टाकी सतत ढवळावी लागते. एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 100 लिटर) तितकेच गुणकारी आहे, पण ते ताजे बनवून त्याच दिवशी संपवावे लागते. मिश्रणात बुडवलेल्या विळ्यावर तांबूस थर चढला, तर आणखी चुन्याची निवळी घालावी.

स्ट्रेप्टोसायक्लिनची 6 ग्रॅमची पुडी 10 लिटरला 1 ग्रॅम या हिशेबाने कॉपरसोबत मारण्याची शिफारस वर्षानुवर्षे चालत आली आहे. सुरुवातीला तिचा परिणाम जाणवतो हे मान्य, तरीही मी ती सुचवणार नाही. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही माणसांच्या उपचारातील प्रतिजैविके आहेत, वारंवार वापराने जिवाणू त्यांना दाद देईनासे होतात, आणि केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर 2021 मध्ये शेतीतील त्यांच्या वापरावर टप्प्याटप्प्याने बंदी घालणाऱ्या आदेशाचा मसुदाही काढला होता.

निंबोळी अर्काकडे पाहण्याची बहुतेकांची रीत मला पटत नाही. पाच टक्के अर्क खैऱ्याचे जिवाणू मारील, या आशेने तो फवारला तर निराशाच पदरी पडते. त्याचा खरा उपयोग नागअळीवर आहे. कोवळ्या पानात ही अळी नागमोडी, चंदेरी वाट कोरते आणि त्याच जखमेतून वाऱ्यापावसाबरोबर आलेला जिवाणू आत शिरतो. अशा पानावर खैऱ्याचे डाग अळीच्या वाटेलगत ओळीने उठलेले स्पष्ट दिसतात. 5 किलो निंबोळी भरडून रात्रभर भिजवावी, कापडातून गाळावी, 200 ग्रॅम साबणचुरा घालून एकूण 100 लिटर द्रावण करावे आणि पालवी बोटभर असतानाच संध्याकाळी फवारावे. पाने गुंडाळल्यावर केलेली फवारणी वाया जाते. खर्च जवळपास मजुरीपुरताच येतो, मात्र निंबोळ्या उन्हाळ्याच्या अखेरीस वेचून, सावलीत वाळवून ठेवलेल्या असाव्यात. बुरशी लागलेल्या निंबोळ्यांचा अर्क कामाचा नाही.